‘सिमेंटचे जंगल’ : एका प्रतिमेची उलटतपासणी

मराठी कवितेत, आणि त्याहून अधिक मराठी समीक्षेत, ‘सिमेंटचे जंगल’ ही प्रतिमा गेली कित्येक दशके बिनविरोध निवडून येत आहे. शहर म्हटले की सिमेंटचे जंगल. सिमेंटचे जंगल म्हटले की हरवलेला माणूस, तुटलेपण, आणि मग ओघानेच गावाकडच्या सारवलेल्या अंगणाची आठवण. शाळेच्या निबंधापासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत ती सर्वत्र चालते. तिची उलटतपासणी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. ती येथे करावयाची आहे, आणि साक्षीला मी जव्हार-मोखाड्याला उभे करणार आहे. या दोन तालुक्यांत खरे जंगल आहे आणि शहरातल्या ‘जंगला’त मजुरी करून आलेली माणसेही आहेत. ज्याने दोन्ही पाहिली त्याला वगळून निकाल कसा द्यायचा?

पहिला प्रश्न साधा आहे. जंगल आपोआप उगवते. काँक्रीट उगवते काय? सिमेंट, रेती, खडी आणि पाणी एवढाच तो माल. पण रेती कोणी तरी उपसावी लागते, खडी कोणी तरी फोडावी लागते, पाणी कोणी तरी आणावे लागते. १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेणारा जोसेफ ॲस्पडिन हा इंग्लंडातला गवंडी होता. १८६७ साली लोखंडी जाळीवर सिमेंट थापून कुंड्या करण्याचे पेटंट घेणारा जोसेफ मोनिए हा फ्रान्समधला माळी. म्हणजे या पदार्थाच्या जन्मापाशीच हाताने काम करणारी माणसे उभी आहेत. ‘जंगल’ हा शब्द नेमकी तीच माणसे पुसून टाकतो. इमारती जणू पावसाने उगवल्या आणि कवी बिचारा त्यांत वाट चुकला! ही प्रतिमा खिडकीतून बाहेर बघणाऱ्याची आहे. खिडकीची चौकट बसत होती तेव्हा तिच्याखाली जो उभा होता, त्याची ती नव्हे.

जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबे भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की वसई-विरार, भिवंडीकडे उतरतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, कोणी बांधकामावर. माझ्या वर्गातली हजेरीही दिवाळीनंतर उतरते. बांधकामावर यांना ‘बिगारी’ म्हणतात. हा शब्द भाषेच्या प्राध्यापकांनी जरा कान देऊन ऐकावा. वेठबिगारीतला ‘वेठ’ गळाला आणि ‘बिगारी’ उरला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) मध्ये याच मुलुखातली वेठ आणि लग्नगडी पद्धत नोंदवली आहे; १९४५ च्या उठावाने सावकार-जमीनदारांची ती वेठ मोडली; १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदाही झाला. तरी पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला माणूस मुकादमामागे जातोच, आणि त्याच्या कामाचे नावही तेच आहे.

स्लॅब भरण्याचा दिवस या माणसांकडून ऐकावा. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. आधी टाकलेला माल घट्ट होऊ लागला आणि त्यावर नवा माल पडला, तर दोहोंमध्ये सांधा राहतो, तिथून पुढे पाणी झिरपते. म्हणून सकाळी सुरू झालेला स्लॅब रात्री दिव्याच्या उजेडात संपतो. घमेली हातोहात वर जातात. खाली रेतीच्या ढिगाशेजारी झोळीत मूल असते. लिफ्ट आणि पंप मोठ्या बिल्डरकडे आले, पण लहान कामे अजूनही घमेल्यावरच चालतात. या रांगेत तुटलेपणा औषधालाही सापडणार नाही. रांग तुटली तर स्लॅब बिघडतो. आमच्या समीक्षेने काँक्रीटला जो एकाकीपणा चिकटवला, तो त्या स्लॅबखाली नंतर राहायला आलेल्या वर्गाचा आहे. त्या वर्गाचे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते सर्वांचे म्हणून खपवले जाते, एवढीच तक्रार आहे.

मी वर्गात ‘शहर’ या विषयावर निबंध लिहायला सांगतो तेव्हा विरारच्या कामावर तीन हंगाम काढलेला मुलगाही गाईडातले ‘सिमेंटचे जंगल’ लिहितो. तोंडी विचारले तर तोच मुलगा एका गोणीला किती घमेली रेती आणि किती खडी, पाणी जास्त झाले की माल कसा कमजोर होतो, हे मला समजावून देतो. त्याचे ज्ञान एका बाजूला आणि त्याची ‘शुद्ध’ मराठी दुसऱ्या बाजूला! प्रस्थापित प्रतिमा कशी राज्य करते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

दलित साहित्याने तरी याचा हिशेब दिला आहे काय? अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा आपण भुकेची, मरणाची कथा म्हणून शिकवतो. ती खाणीची कथाही आहे. मुंबईच्या उपनगरातली दगडाची खाण बंद पडते, भीमा बेकार होतो आणि मढ्याच्या राखेत सोने शोधू लागतो. शेवटी त्याची दोन बोटे जातात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारे हात गेले तेव्हा दगड परत आला. वाढत्या मुंबईच्या पोटात गेलेली खडी अशाच हातांनी फोडली. कथेत काँक्रीट हा शब्दही यायची गरज नाही. तिच्याइतकी काँक्रीटची चांगली कथा मराठीत मला दुसरी माहीत नाही. पण पुढे आपण फूटपाथ लिहिला, गटार लिहिले, झोपडपट्टी लिहिली. बांधकाम मात्र फारसे लिहिले नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने काँक्रीटच्याच बांधल्या. आपल्या चळवळीच्या किती सभा, किती मारामाऱ्या, किती रात्रशाळा त्या भिंतींनी पाहिल्या! त्या भिंती कोणी ओतल्या, हा प्रश्न आम्हीही विचारला नाही.

आता दुसरी बाजू. ‘सिमेंटचे जंगल’ म्हणणारा लगेच कुडाच्या घराचे गोडवे गातो. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, उन्हाळ्यात आत गारवा. गारवा खरा आहे. पण जव्हारला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लेप दर वर्षी नव्याने द्यावा लागतो, काठ्या कुजतात, आणि कारवी आणायला जावे तर वनखात्याच्या माणसाची नजर चुकवावी लागते. सारवण हे बाईचे काम. माझ्या आईचा निम्मा जन्म सारवण्यात गेला. तिला पहिली मजुरी हाती पडल्यावर काय हवे होते? कोबा. गुळगुळीत, घासता येणारा सिमेंटचा कोबा. तिला कोणी शेणाच्या जमिनीचे सौंदर्यशास्त्र शिकवले असते तर तिने त्याच्या हाती शेणाची पाटी दिली असती. कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढणाऱ्या वारली बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर आणली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे योग्यच झाले. परंतु तेच चित्र शहरातल्या काँक्रीटच्या भिंतीवर लावून वारल्यांनी मात्र कुडातच राहावे अशी अपेक्षा करणारा रसिक मला संशयास्पद वाटतो.

सरकारची भाषा याच्या नेमकी उलट. तिथे कूड म्हणजे ‘कच्चे’, सिमेंट म्हणजे ‘पक्के’. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेपासून २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेपर्यंत हा शब्द कायम आहे. २०१६ साली डोंगराळ भागासाठी एक लाख तीस हजार रुपये ठरले. पैसे हप्त्याने, पाया झाला की एक, छत झाले की एक. कागदावर ठीक. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. त्याला किमान आठवडाभर पाणी मारावे लागते, आणि त्याची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात. मोखाड्यात पावसाळ्यात बांधता येत नाही, आणि बांधायच्या दिवसांत विहिरी आटतात. एप्रिल-मेमध्ये ज्या पाड्यावर प्यायला टँकरची वाट पाहतात, तिथे भिंतीवर पाणी कोण मारणार? शिवाय तोच हंगाम स्थलांतराचा. आपल्या घराचा पाया उघडा ठेवून माणूस दुसऱ्याचा स्लॅब भरायला गेलेला असतो. मग भिंतीला भेगा पडतात आणि साहेब म्हणतात, या लोकांना पक्क्या घरात राहायची सवय नाही.

पाणी मात्र याच तालुक्यातून जाते. कोचाळे येथे मुंबई महानगरपालिकेने वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण बांधले. २०१२ च्या सुमारास ते पुरे झाले. उंची १०२ मीटर, सबंध काँक्रीटचे. कोरडा माल थराथराने पसरून त्यावर रस्त्यासारखा रोलर फिरवायचा, अशी त्याची रीत. एवढ्या मोठ्या काँक्रीटला आतून ताप चढतो आणि त्याने ते फुटू शकते, म्हणून सिमेंटचा काही भाग कमी करून राख घालतात. पाण्यावाचून भेगाळलेले घरकुल आणि रोज साडेचारशे दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देणारे धरण, दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच पदार्थाची! ‘सिमेंटचे जंगल’ या शब्दाने यातले काय कळते?

येथे काही मित्र म्हणतील, मग धरणेच नकोत म्हणा. ते मला म्हणता येणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर, महानदी यांच्या खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना चालना दिली. १९४८ साली संविधान सभेत खेड्याच्या गुणगानावर कोरडे ओढले. तो वारसा सोडून कुडाच्या सावलीत बसणे दलित विचाराला परवडणारे नाही. पण त्यांच्या मांडणीत धरणाच्या जोडीला वीज, शेती आणि खोऱ्यातल्या माणसाचे जगणे होते. नळ एका गावी आणि हंडा दुसऱ्या गावी, ही त्यांची योजना नव्हती. आदिवासींच्या वतीने हे बोलण्याचा मला अधिकार नाही; ते स्वतः लिहू लागले आहेत, त्यांनी माझे खोडून काढावे.

सध्या मी एवढेच करतो की वर्गातल्या मुलांकडून बांधकामावरचे शब्द एका वहीत उतरवून घेतो : माल, घमेलं, कोबा, सेंटरिंग, सळई, गिलावा, पाणी मारणं, स्लॅब भरणं. ‘बिगारी’ या शब्दापुढे अर्थ काय लिहावा यावर मुलांचे एकमत झालेले नाही. दोघांनी ‘मजूर’ सांगितले. एकीने सांगितले, ‘ज्याला मिस्त्री नावाने हाक मारत नाही तो.’ दोन्ही अर्थ वहीत ठेवले आहेत.