श्याम, चैत्या आणि दिल्लीची पदके

पारितोषिकांची यादी जाहीर झाली, की आपण सारेच घटकाभर परीक्षक होतो. शिंप्याने सदरा बरा शिवला की वाईट हे ज्याला सांगता येत नाही, तोही अमक्याचा अभिनय तमक्याहून सरस होता हे छातीठोकपणे सांगतो. मग मी तर चार कादंबऱ्या लिहिलेली आणि वीस वर्षे पोरांचे पेपर तपासणारी बाई! लाल शाई माझ्याजवळ नेहमीच तयार असते. तेव्हा वाचकहो, हे एका मास्तरणीचे गुणपत्रक आहे असेच समजून वाचा.

एकाहत्तरावी राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाली आणि २३ सप्टेंबरला दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते दिली गेली. चित्रपट होते २०२३ सालचे. बोलपट यावा, लोकांनी पाहावा, विसरूनही जावा आणि मग सरकारदरबारी त्याची आठवण व्हावी, अशी ही रीत. लग्नाचा आहेर बारशाला पोचावा तसे होते खरे; पण आहेर तो आहेर.

मोठ्या मानकऱ्यांचे आधी उरकून घेते. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला विधू विनोद चोप्रा यांचा ‘ट्वेल्थ फेल’. चंबळकडचा एक मुलगा बारावीत नापास होतो, दिल्लीत पिठाच्या गिरणीत राबतो आणि शेवटी पोलीस अधिकारी होतो. ही कथा खरी आहे आणि तो अधिकारी पुढे आपल्या महाराष्ट्रातच नोकरीला आला. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, त्यामुळे परीक्षेने माणसाची किंमत ठरवणाऱ्या चित्रपटांकडे जरा संशयानेच पाहते. यातही शेवटी परीक्षाच जिंकते! तरीपण गिरणीच्या पिठाने पांढरा झालेला विक्रान्त मॅसी मी विसरू शकले नाही. त्याला अभिनयाचे पारितोषिक मिळाले ते रास्तच.

त्याच्या जोडीला ‘जवान’बद्दल शाहरुख खान. १९९२ च्या ‘दीवाना’पासून पडद्यावर असलेल्या या नटाला हे पहिलेच राष्ट्रीय पारितोषिक. मिळाले याचा आनंद आहे, पण ‘जवान’मधली बापलेकांची हाणामारी पाहून कोणाला ते द्यावेसे वाटेल? मला आठवतो तो २००४ सालचा ‘स्वदेस’. आपल्या वाईजवळच्या मेणवलीत त्याचे चित्रण झाले होते. स्टेशनावर पाणी विकणाऱ्या पोराकडे पाहताना त्या चेहऱ्यावर जे उमटले होते, त्याला पदक द्यायला हवे होते. त्या वर्षी ते ‘हम तुम’च्या सैफ अली खानला गेले. गंमत अशी, की ‘स्वदेस’चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर हेच या वेळी परीक्षकांचे अध्यक्ष होते. जुने देणे कधीतरी फेडलेच पाहिजे, असे त्यांच्या मनात आले असेल का? असो. बाईमाणसाने फार चौकशा करू नयेत म्हणतात.

राणी मुखर्जीला ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’साठी पारितोषिक मिळाले. परक्या देशात सरकारने मुले काढून घेतलेली आई तिने उभी केली आहे. ती ओरडते तेव्हा मी जराशी मागे सरकले. पण ती गप्प राहून नुसती रिकाम्या घराकडे पाहते, तिथे मात्र तिने मला जिंकले. ‘द केरळ स्टोरी’ला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळावे हे मला पटले नाही. पात्रे एखादी गोष्ट सिद्ध करण्यापुरतीच जगू लागली की दिग्दर्शकाचे काम तिथेच अडते. आम्ही कादंबरीवाले तरी याला गुण देत नाही.

आता खरा विषय. मराठीच्या वाट्याला आलेली पारितोषिके पाहा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’. सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ भाग २’. दिग्दर्शकाचे पहिलेच पाऊल म्हणून ‘आत्मपॅम्फ्लेट’चे आशिष बेंडे. आणि पाच बालकलावंतांपैकी चार आपली: ‘नाळ’मधली त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे व भार्गव जगताप, आणि ‘जिप्सी’तला कबीर खंदारे. म्हणजे मराठीने दिल्लीहून जे आणले, त्यातले बहुतेक पोरांच्या ओंजळीतून आणले. चिमुकली त्रिशा साडी नेसून मंचावर गेली तेव्हा सारे सभागृह टाळ्या वाजवत होते. आमच्या शेजारच्या आजींनी तर दूरचित्रवाणीसमोरच बोटे मोडून तिची दृष्ट काढली.

पण टाळ्या ओसरल्यावर मला त्या यादीत एक भांडण दिसू लागले. भांडण आहे श्याम आणि चैत्या यांच्यातले. ‘श्यामची आई’ आणि ‘नाळ भाग २’ हे दोन्ही चित्रपट २०२३ च्या दिवाळीत, १० नोव्हेंबरला, एकाच दिवशी पडद्यावर आले. एकाच सणाला घरात दोन पाहुणे यावेत आणि दोघांचे आपसांत मुळीच पटू नये, असा हा योग.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर बोलपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिलेवहिले सुवर्णपदक १९५४ साली मराठीने पटकावले. वनमालाबाईंची ती आई कित्येक घरांत देव्हाऱ्याशेजारी बसली. तेव्हा बालकलावंतांना पारितोषिकच नव्हते. ते सुरू झाले १९६८ च्या चित्रपटांपासून. म्हणून श्याम झालेल्या माधव वझ्यांच्या वाट्याला स्वतंत्र पदक आले नाही. ते पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटके बसवली, नाटकांवर लिहिले आणि मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या श्यामच्या नावाने सत्तर वर्षांनी दिल्लीत पुन्हा पुकारा झाला, तो ऐकायला ते चार महिने आणखी असते तर!

सुजय डहाके यांनी नवा ‘श्यामची आई’ कृष्णधवल काढला. ओम भूतकर यांनी गुरुजी केले, गौरी देशपांडे यांनी आई आणि शर्व गाडगीळने श्याम. चित्रपट सुबक आहे, सचोटीचा आहे. तुरुंगातले गुरुजी तर फारच चांगले. पण पाहताना मला सारखे वाटत राहिले, की आपण चपला बाहेर काढून आत बसलो आहोत. रंग काढून टाकल्यामुळे ते घर अधिकच पवित्र आणि अधिकच दूर गेले. १९५३ साली अत्र्यांना काळ्यापांढऱ्यावाचून गत्यंतर नव्हते. २०२३ साली ती निवड आहे, आणि निवडीला कारण लागते. हा काळ संपला असे सांगायचे आहे, की तो परत यावा असे? चित्रपट यावर गप्प राहतो.

पुस्तकातल्या काही रात्री मी वर्गात वाचून दाखवते. मोळी उचलून देण्याचा प्रसंग आला की वर्ग स्तब्ध होतो. त्या प्रसंगाची ताकद आजही तसूभर कमी झालेली नाही. परंतु गेल्या वर्षी एका मुलीने मला विचारले, “बाई, दर वेळी चूक श्यामचीच का असते?” पोहायला घाबरला तो श्याम, चोरी केली ती श्यामने, रडायचेही श्यामने. मोठी माणसे शिकवतात, आणि पोर शिकते. मी तिला म्हटले, “विचार कर आणि उद्या तूच सांग.” उत्तर मलाच हवे होते, हे तिला कळले असावे, ती हसली.

ते उत्तर मला सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ’ने दिले. पहिला ‘नाळ’ २०१८ सालचा. विदर्भातल्या नदीकाठच्या गावात चैत्याला कळते, की आपल्याला वाढवणारी ही आई आपली जन्मदात्री नव्हे. दुसऱ्या भागात तो जन्मदात्रीच्या गावी येतो आणि त्याला चिमी व मणी ही भावंडे भेटतात. या साऱ्या गुंत्यात चैत्याचा काय अपराध? काही नाही. जे केले ते मोठ्यांनी केले. आणि त्यांनीही दुष्टपणाने केले नाही, अडचणीत केले, मायेत केले. एक आई देऊन बसली आहे, दुसरी घेऊन बसली आहे, आणि दोघी त्या पोराच्या नजरेला भिऊन आहेत. श्यामला आईचा धाक होता. इथे आयांना मुलाचा आहे. सत्तर वर्षांत मराठी घरात केवढी उलथापालथ झाली, ती या एका गोष्टीत मला दिसली.

आमच्या शाळेत एक मुलगा मावशीकडे वाढतो. मुलाच्या नावामागे आईचे नाव लावण्याचा नियम २०२४ साली आला, तेव्हा अर्ज भरताना त्याने मान वर करून विचारले, “बाई, कोणत्या आईचं लिहू?” सारा वर्ग ऐकत होता, कोणीही हसले नाही. त्या पोराला मी ‘श्यामची आई’ जरूर वाचायला देईन, पण त्याची स्वतःची गोष्ट मात्र त्याला ‘नाळ’मध्येच सापडेल.

म्हणूनच ‘नाळ’ला ‘बालचित्रपट’ म्हणून वेगळ्या पंगतीला बसवले हे मला आवडले नाही. पोरांना घेऊन जावे हे खरे; पण तो पाहायला हवा तो आईबापांनी. माझ्या हाती असते तर मराठीचे पहिले पान मी ‘नाळ’ किंवा ‘आत्मपॅम्फ्लेट’पुढे वाढले असते. परेश मोकाशींनी लिहिलेला ‘आत्मपॅम्फ्लेट’ म्हणजे तर फटाक्यांची लडच. एका शाळकरी पोराचे एका मुलीवर मन बसते, एवढीच कथा. पण ते पोर जसजसे मोठे होते तसतशी जात, धर्म, मंडल, मशीद अशी मोठ्यांची सारी भांडणे त्याच्या दप्तरात येऊन पडतात. आणि हे सारे हसत हसत! इतक्या विषारी गोष्टीवर इतके निर्मळ हसता येते, हे मला अलीकडे मराठीत क्वचितच आढळले. हा चित्रपट आधी बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. आमच्या तालुक्याच्या चित्रपटगृहात मात्र तो लागलाच नाही. मी पुण्याला जाऊन पाहिला.

मुलांना पदके द्यावीत की नाही, याविषयी माझ्या मनात थोडी धाकधूक आहे. इवल्या पोराचे काम अर्धे त्याचे आणि अर्धे त्याच्याशी खेळत बसणाऱ्या दिग्दर्शकाचे असते. पण श्रीनिवास पोकळेचे पाहा. पहिल्या ‘नाळ’साठीही त्याला हेच पारितोषिक मिळाले होते. मधल्या पाच वर्षांत पोर वाढले, चेहऱ्यावरचा लहानपणीचा गोडवा ओसरला, आणि तरीही दुसऱ्या भागात तो नजर चुकवून उभा राहतो तेव्हा त्याच्या मनातले सारे आपल्याला कळते. ते कोणी त्याच्याकडून खेळात करवून घेतलेले नाही.

फक्त एक गोष्ट मला खुपली. एकट्या ‘नाळ’मधल्या तीन लेकरांना पदके मिळाली, पण त्यांच्या आया झालेल्या देविका दफ्तरदार आणि दीप्ती देवी यांची नावे यादीत कुठेही नाहीत. मुलांकडे पाहताना त्या दोघींचे चेहरे जे बोलतात, ते नसते तर ही पोरे कोणाकडे पाहून खरी वाटली असती? श्यामच्या नव्या आईचेही नाव नाही. मी यादी दोनदा वाचली.