हत्यारे पुष्कळ, तारखा मोजक्या

३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लावरम येथे दगडी हातकुऱ्हाड सापडली आणि भारतीय पुराश्मयुगाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. पुढच्या दीडशेहून अधिक वर्षांत हत्यारांचा साठा अफाट वाढला. त्यांचे वय खात्रीने सांगण्याची क्षमता मात्र त्या मानाने वाढली नाही. महाराष्ट्रात ही उणीव फार जाणवते.

आपल्याकडची सुरुवात दमदार होती. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी गोदावरी-प्रवरेची खोरी धुंडाळली. नेवाशाला प्रवरेकाठच्या थरांत त्यांनी चर्ट-जॅस्परच्या छिलक्यांपासून केलेली हत्यारे हातकुऱ्हाडींपासून वेगळी ओळखली. भारतात मध्य पुराश्मयुगाचा टप्पा प्रस्थापित होण्यात या कामाचा वाटा मोठा आहे. तिथूनच जवळ चिरकी येथे गुड्रुन कॉर्व्हिनस यांनी १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले. पण आधी-नंतरचा क्रम लावला म्हणजे वय कळले असे होत नाही, आणि आकारांची वर्गवारी पुढे बराच काळ हेच संशोधनाचे मुख्य अंग राहिले.

या मर्यादेचा कस लागला तो जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी येथे. हत्यारांच्या सान्निध्यात ज्वालामुखीची राख मिळाली. राखेचे कालमापन करता येते, त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली. परंतु एका मापनाने १४ लाख वर्षे सांगितली, दुसऱ्याने सुमारे ६ लाख ७० हजार. रासायनिक साम्यावरून काहींनी ती सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. राखेत जुन्या लाव्ह्याचे कण मिसळले तर वय फुगते. राख पाण्याने वाहून पुन्हा साचली असेल तर शेजारच्या हत्यारांशी तिचे नाते संशयास्पद ठरते. म्हणून एकाच पद्धतीच्या एका आकड्यावर इतिहास उभा करता येत नाही.

काय साधता येते, हे तमिळनाडूतील अत्तिरामपक्कम दाखवते. फूट यांच्याच काळापासून माहीत असलेल्या या स्थळी शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे थर उलगडले. २०११ साली तिथल्या अश्यूलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतील, हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे, तर २०१८ साली मध्य पुराश्मयुगाचा आरंभ सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे प्रसिद्ध झाले. कर्नाटकातील इसामपूर येथे क. पद्दय्या यांनी वेगळी वाट धरली. चुनखडीच्या लाद्या जिथे मिळत तिथेच हत्यारे घडवणाऱ्यांची कार्यशाळा त्यांनी उजेडात आणली. दगड कसा निवडला, कुठे फोडला, अर्धवट काय टाकले, हे प्रश्न विचारले की हत्यारामागचा माणूस दिसू लागतो.

मानवी अवशेषांची वानवा असल्याने हे प्रश्न अधिकच मोलाचे आहेत. नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी हा आजही जवळजवळ एकाकी पुरावा आहे. माणसाबद्दल जे कळायचे, ते प्रामुख्याने दगडांकडूनच कळणार.

तेव्हा महाराष्ट्राला नव्या स्थळांच्या याद्यांपेक्षा जुन्या स्थळांकडे परतण्याची गरज आहे. बोरी, चिरकी आणि बारामती तालुक्यातील मोरगाव येथे भूशास्त्रज्ञ, कालमापनतज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांनी एकत्र, एकाच खड्ड्यात काम करावे. एका थराचे वय किमान दोन स्वतंत्र पद्धतींनी पडताळावे. हे लवकर व्हायला हवे, कारण वाळू-मुरूम उपशात नदीकाठचा थर एकदा उचलला गेला की कोणतीही प्रयोगशाळा त्याचे वय सांगू शकणार नाही.