‘घूर्णक’ आणि ‘पाते’ : एक परिभाषाचिकित्सा

पारिभाषिक शब्दाचे मोल त्याच्या व्युत्पत्तीच्या शुद्धतेवर ठरत नाही. शास्त्राला जो भेद आवश्यक असतो तो भेद त्या शब्दात टिकतो की नाही, यावर ते ठरते. फिरत्या दंडावर पाती बसविलेल्या यंत्रांची परिभाषा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. टर्बाइन, पंप, पंखा आणि जहाजाचा प्रोपेलर यांची रचना स्थूलमानाने एकच. परंतु त्यांच्यातील शक्तीचा ओघ परस्परविरुद्ध असतो. टर्बाइनमध्ये पाणी, वाफ अथवा वारा पात्यांना शक्ती देतो. उलट पंपात व पंख्यात दंडाची शक्ती पात्यांवाटे पाण्याला अथवा हवेला मिळते. या यंत्रांच्या विवेचनाचा पायाच मुळी हा भेद होय.

तांत्रिक मराठीत ‘रोटर’साठी ‘घूर्णक’ हा शब्द योजिलेला आढळतो. ‘रोटर’ ही संज्ञा मूळचीच व्यापक असल्याने तेवढ्यापुरता तो निर्दोष आहे. विजेच्या मोटारीतील बिनपात्यांच्या फिरत्या भागासही तो लागू पडतो. अडचण उद्भवते ती प्रत्येक पातीयुक्त चक्रास हेच नाव दिल्यामुळे. इंग्रजीत जलटर्बाइनच्या चक्राला ‘रनर’ म्हणजे धावणारा म्हणतात, तर पंपाच्या चक्राला ‘इंपेलर’ म्हणजे ढकलणारा. एक क्रियापद अकर्मक, दुसरे सकर्मक. आणि शक्तीची दिशा नेमकी या फरकातच सामावलेली आहे. संस्कृत ‘अक’ प्रत्यय हा फरक राखू शकत नाही. मूळ धातूला अथवा त्याच्या प्रयोजक रूपाला ण्वुल् प्रत्यय लाविला, तरी प्रयोजकाचा ‘णि’ लोप पावत असल्याने रूप पुष्कळदा एकच होते. करणारा तो ‘कारक’ आणि करविणारा तोही ‘कारक’. त्याचप्रमाणे ‘घूर्णक’ म्हणजे स्वतः फिरणारा की दुसऱ्यास फिरविणारा, हे शब्दावरून कळत नाही. मराठीची स्वतःची क्रियापदे मात्र येथे निःसंदिग्ध आहेत : फिरणे व फिरविणे, चढणे व चढविणे.

व्यवहारातील मराठीने हा भेद पूर्वीच केलेला आहे. रहाट बैलांच्या बळावर फिरतो आणि पाणी वर चढवितो; पाणचक्की पाण्याच्या बळावर फिरते आणि धान्य दळते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील प्रसिद्ध पाणचक्की हे याचे उदाहरण होय. एका यंत्रात चाक पाण्याला हलविते, दुसऱ्यात पाणी चाकाला. आणि दोहोंची नावे कधीही परस्परांत मिसळली नाहीत.

‘पाते’ हा शब्दही असाच समर्थ आहे. संस्कृत ‘पत्र’ या शब्दाचे पान आणि पंख असे दोन्ही अर्थ आहेत. त्यापासून मराठीत गवताचे पाते, विळ्याचे पाते आणि यंत्राचे पाते अशी अर्थाची वाटचाल झाली. इंग्रजी ‘ब्लेड’चा प्रवासही पानापासून शस्त्राकडे व तेथून यंत्राकडे असाच झाला आहे. अशा स्थितीत ‘पाते’ सोडून नवा संस्कृत शब्द घडविण्याचे प्रयोजन दिसत नाही. ‘टर्बाइन’ हा शब्द क्लोद ब्यूर्दँ या फ्रेंच अभियंत्याने १८२२ मध्ये लॅटिन ‘टर्बो’वरून योजिला. ‘टर्बो’ म्हणजे वावटळ आणि मुलांचा भोवराही. मराठी ‘भोवरा’ शब्दातही खेळणे आणि पाण्याचे आवर्त असे जवळजवळ तेच अर्थ एकत्र नांदतात. तथापि ‘टर्बाइन’ आता रूढ झाला असल्याने तो बदलण्याचा आग्रह अनाठायी ठरेल.

अर्थात लोकभाषेतील प्रत्येक शब्द प्रमाण मानावा, असा याचा अर्थ नव्हे. छतावरच्या उपकरणास ‘पंखा’ म्हणतात आणि विमानाच्या प्रोपेलरलाही ‘पंखा’च. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे व चाळकेवाडीच्या पठारांवर उभ्या असलेल्या ‘पवनचक्क्या’ काहीही दळत नाहीत. त्या वीज निर्माण करतात. येथे शब्द जुन्या कार्याला चिकटून राहिला आहे. उलट, तटस्थ शब्दाचीही कोठे कोठे खरी गरज असते. २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पात एकच चक्र वेळेप्रमाणे टर्बाइनचे अथवा पंपाचे काम करते. तेथे दिशा न सांगणारे नाव हा दोष नसून गुणच होय.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीचे शिक्षण देण्यास अनुमती दिली. त्यामुळे हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. ज्या विद्यार्थ्याला शब्दावरून शक्तीचा ओघ कळत नाही, त्याला मूळ इंग्रजी संज्ञेकडे परतावे लागते; मग मराठी पर्याय पाठांतराचे एक ओझे तेवढे होऊन बसतो. सामान्य संज्ञा म्हणून ‘घूर्णक’ खुशाल राहावा. परंतु जेथे दिशेचा भेद सांगावयाचा आहे तेथे परिभाषाकारांनी प्रथम मराठी क्रियापदाकडे वळावे आणि ‘पाते’, ‘रहाट’, ‘पाणचक्की’ घडविणाऱ्या कारागिराच्या व शेतकऱ्याच्या भाषेची साक्ष काढावी. हा क्रम उलटा झाला म्हणजे कोशात शब्द वाढतात, परंतु विचाराची सोय वाढत नाही.