ठिगळ आणि रफू : एकसंधतेच्या निकषाविषयी

मराठी समीक्षेच्या परिभाषेत शिवणकामातून आलेले काही शब्द इतके रुळले आहेत की त्यांच्यामागील मूल्यदृष्टी सहसा लक्षात येत नाही. एखादे उपकथानक 'ठिगळासारखे' वाटते, कादंबरीचे 'सांधे दिसतात', हे दोषदिग्दर्शन. तर दोन काळ 'बेमालूम' जोडले गेले, अनुभव 'एकसंध' झाला, ही प्रशस्ती. या शब्दांमागे कापड दुरुस्त करण्याच्या दोन वेगळ्या रीती उभ्या आहेत. रफू करणारा कारागीर मूळ वस्त्राशी जुळणारे धागे घेऊन फाटलेल्या जागी पुन्हा विणकाम करतो. उभे-आडवे धागे नेमके जुळले की फाटल्याची खूण उरत नाही. ठिगळ लावणारी बाई मात्र हाती असेल ते दुसरे कापड भोकावर ठेवून कडेने टाके घालते. रफू शालीला आणि शालूला परवडते, ठिगळ रोजच्या लुगड्याला लागते. तेव्हा 'बेमालूम' हा शब्द गुणवाचक म्हणून आणि 'ठिगळ' हा दोषवाचक म्हणून वापरताना आपण कलेच्या स्वरूपाबद्दल बोलत असतो, की नकळत एका विशिष्ट वस्त्राची आणि ते नेसणाऱ्यांची बाजू घेत असतो, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

या प्रश्नाच्या संदर्भात गोधडीचा विचार उद्‌बोधक आहे. गोधडी ही दुरुस्ती नव्हे. ती टाकाऊ झालेल्या वस्त्रांतून घडलेली नवी वस्तू आहे. जुन्या लुगड्या-धोतरांचे पट पसरायचे, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर घालायचे, कडा दुमडायच्या आणि धावदोऱ्याच्या जवळजवळच्या ओळींनी सारे थर टाचायचे, अशी तिची प्रक्रिया असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया (या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यात आणलेले आफ्रिकी गुलाम होते) जी गोधडी शिवतात, तिची शिवण कडेने सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकते. आधी आखलेला नमुना नसतो. आकृती कामाच्या ओघात आणि हाती आलेल्या तुकड्यांच्या मर्यादेत सिद्ध होते. कोलरिजप्रणीत सेंद्रिय एकात्मतेची कल्पना वनस्पतीच्या वाढीवर आधारलेली आहे. बीजातून वाढणाऱ्या रोपाला सांधा नसतो. गोधडी मात्र सांध्यांचीच बनलेली असते, आणि तरीही ती एक असते.

यावर असे म्हणता येईल की, मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील लयतत्त्वांनी गोधडीचे सौंदर्य पुरेसे स्पष्ट होते. तांबड्याशेजारी हिरवा तुकडा येतो तेथे विरोधलय, काठांची पुनरावृत्ती होते तेथे संवादलय, चार कोपऱ्यांच्या रचनेत समतोल. हे विश्लेषण चुकीचे नाही. ते पृष्ठभागावर थांबते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात १९७१ मध्ये अमेरिकी गोधड्या अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून मांडण्यात आल्या. त्यांना कलेचा दर्जा मिळाला. परंतु अंथरूण-पांघरूण म्हणून असलेला त्यांचा वापर या मांडणीत दृष्टीआड झाला. ॲलिस वॉकर यांच्या 'एव्हरीडे यूज' (१९७३) या कथेतील संघर्ष नेमका येथेच आहे. शिकलेल्या मुलीला आजीच्या गोधड्या टांगून जपायच्या आहेत; घरी राहिलेली बहीण त्या वापरणार आहे, आणि तिला स्वतःला गोधडी शिवता येते. आई गोधड्या दुसरीला देते. परंपरा जपणे म्हणजे तिची कृती करता येणे, असा त्या निर्णयाचा अर्थ लावता येतो.

तथापि 'वापर' या मूल्यापाशी थांबूनही चालणार नाही. तुकडा कोठून आला, हा प्रश्न उरतोच. लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ मध्ये 'ब्रिकोलर'ची संकल्पना मांडताना दाखविले की, जुन्या वस्तूंतून नवे रचणाऱ्याच्या साधनसामग्रीवर तिच्या पूर्वीच्या उपयोगाची बंधने असतात. भारतीय संदर्भात ही बंधने अधिक कठोर आहेत. बौद्ध विनयात भिक्षूसाठी पांसुकूल, म्हणजे उकिरड्या-स्मशानातून उचललेल्या चिंध्यांचे चीवर, सांगितले आहे. महावग्गात मगधातील बांधबंदिस्त शेतांच्या आकृतीवरून आनंदाने चीवराची रचना केल्याची कथा येते. येथे तुकड्यांची शिवण हेच त्यागाचे चिन्ह आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी प्रेतावरील वस्त्रे नेमून दिली आहेत. कापड जवळजवळ तेच. पण एकाने ते निवडले, दुसऱ्यावर ते लादले गेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत सोडण्यास सांगितले. वस्त्राची ही सक्ती ध्यानात न घेता गोधडीला 'मायेची ऊब' म्हणून गौरविणारे लेखन उबेकडे पाहते आणि उणिवेकडे पाठ फिरवते.

या विवेचनाचा समीक्षेशी असलेला संबंध उघड आहे. दलित आत्मकथनांवर विस्कळीतपणाचा, प्रसंग एकापुढे एक जोडल्याचा आक्षेप घेतला गेला. हा रफूचा निकष आहे. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे केलेले, आणि त्यांच्यामधली शिवण उघडी ठेवलेली. ती बेमालूम केली असती तर गावकुसाबाहेरचे बालपण आणि शहरातील पांढरपेशे जीवन यांतील फाटलेपण झाकले गेले असते. शिवण दिसणे हाच येथे आशय आहे.

याचा अर्थ प्रत्येक सैल रचना समर्थनीय ठरते, असा मात्र नव्हे. गोधडीलाही स्वतःची कसोटी आहे. टाका वरच्या पटातच अडकला आणि तळापर्यंत गेला नाही, तर आतले थर सरकतात, एका बाजूला गोळा होतात आणि गोधडी निकामी होते. साहित्यकृतीबाबतही शिवण दिसते काय, हा प्रश्न दुय्यम मानावा. टाका सर्व थरांतून गेला आहे काय, अनुभवाचा वरचा पट आणि त्याखालील इतिहास यांना त्याने एकत्र धरले आहे काय, हे आधी तपासावे. या कसोटीवर काही एकसंध कादंबऱ्या उणे ठरतील आणि काही 'ठिगळांच्या' कृती टिकून राहतील. त्यानंतर 'ठिगळ' हा शब्द आपल्याला पूर्वीच्या निश्चिंतपणे वापरता येणार नाही.