माशासाठी माशी

माशी म्हणावी असं तिच्यात काहीच नाही. पंख नाहीत, डोळे नाहीत, डोकं कुठलं नि शेपूट कुठलं तेही कळत नाही. दहा नंबरचा लांब दांड्याचा गळ, त्यावर बारीक तारेचे थोडे वेढे, त्यांवर गुंडाळलेला काळ्या शनीलचा दोरा आणि दोन्ही अंगांनी बाहेर आलेले पांढऱ्या रबराचे पाय. टेबलावर राहिली तर झाडताना केरात जाईल. टेरी आणि रॉक्सान विल्सन या अमेरिकी जोडप्याची ही रचना, नाव 'बुलीज ब्ल्यूगिल स्पायडर'. ब्ल्यूगिल माशाला आमिष म्हणून बांधल्या जाणाऱ्या माश्यांत मला ही सगळ्यांत देखणी वाटते. फक्त ती पाण्यात बघायला हवी.

ब्ल्यूगिल हा अमेरिकेतल्या तळ्या-तलावांतला चपटा मासा, इलिनॉयचा राज्य-मासा. कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका, तोंड एवढंसं. दहा इंची सापडला तर आपण फोटो काढतो. विक्रमी ब्ल्यूगिल १९५० साली अलाबामातल्या केटोना तलावात मिळाला, तोही ४ पौंड १२ औंसांचाच. अमेरिकेतल्या कितीतरी पोरांचा आयुष्यातला पहिला मासा हाच असतो, म्हणून ट्राउटवाले त्याच्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

कुणी म्हणेल, पोरांच्या गळाला लागणाऱ्या माशासाठी माशी निवडण्याचं कौतुक कशाला? खादाड तर तो आहेच. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे युवराज अकिहितो यांना ब्ल्यूगिल भेट दिले; पुढे त्या ब्ल्यूगिलच्या वंशजांनी बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांना इतकं छळलं, की तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ साली त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पण खादाडाला आवडनिवड नसते असं थोडंच आहे? वर्नर आणि हॉल या शास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ब्ल्यूगिलपुढे लहानमोठे पाणकिडे सोडले होते. अन्न विरळ होतं तेव्हा मासे समोर येईल ते खात गेले. दाट झालं तेव्हा बारके किडे सोडून मोठ्यांवरच जाऊ लागले. पंगतीत भाताचा ढीग बाजूला सारून जिलबीची वाट बघणारा माणूस आपल्या ओळखीचा असतोच.

म्हणून मे-जूनमध्ये, पाणी कोमट होऊन नर उथळात बशीसारखी घरटी राखत बसतात, तेव्हा माशीची पारख होत नाही. त्या दिवसांत ते समोर आलेल्या कशावरही धावून जातात. खरी परीक्षा जुलैत. थोराड मासे खोल उतरलेले, पोटं भरलेली.

फ्लाय फिशिंगमध्ये वजन दोरीला असतं. माशी नुसती तिच्यामागून उडत जाते. स्पायडर पाण्यावर पडते, क्षणभर रेंगाळते आणि बुडू लागते. इथे ते तारेचे वेढे कळतात. चार जास्त घातले की ती खड्यासारखी तळाला जाते, अजिबात नसले की वरच घुटमळते. नेमके असले की ती सावकाश उतरते आणि उतरताना तिचे पाय पाण्याच्या रेट्याने वर उचलले जातात. दोरीला जरा ताण दिला की ते मागे मिटतात, सोडली की पुन्हा उमलतात. आपण काही न करताही ती काहीतरी करत असते. ब्ल्यूगिल जवळ येतो, वीतभर अंतरावर थांबतो, नुसते पंख हलवत बघत राहतो. पळणाऱ्या माशीला त्याचं हे बघणं परवडत नाही, हिला परवडतं. ही विलंबित गाणारी माशी आहे.

उलट पॉपर. चॅटनूगाच्या अर्नेस्ट पेकिनपॉने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुचाच्या माश्या रूढ केल्या. पाण्यावर 'टप्प' वाजणारी, वर्तुळं उठवणारी ही माशी टाळ्या घेते. संध्याकाळी तिच्यावर 'चुक्' आवाज करत मासा येतो तेव्हा मीही चेकाळतो. पण माझ्या अनुभवात तिच्यावर बहुधा बारकेच येतात.

स्पायडरमध्ये दोष एकच, पाय. बारकी पिल्लं येऊन त्यांची टोकं ओढतात, दोरीला हिसके बसतात आणि गळ रिकामा. एका दुपारी असे वीसेक हिसके मोजल्यावर मी वैतागून पाय अगदी आखूड कापले. हिसके थांबले, मासेही थांबले. पायांत जीव उरला नव्हता.

मोठा मासा लागतो तेव्हा हिसका बसतच नाही. दोरी जिथे पाण्यात शिरते तिथे ती उतरता उतरता थबकते, किंवा दोन बोटं बाजूला सरकते. तेव्हाच काठी उचलायची. मग तो आपलं चपटं अंग ओढीला आडवं धरून गोल गोल फिरतो, आणि पाऊण पौंडाचा मासा दोन पौंडांचा वाटायला लागतो. हातात आल्यावर लांब दांड्याचा अर्थ लागतो: एवढ्याशा तोंडात खोल गेलेला गळ चिमट्यात धरायला तेवढीच जागा उरते.

डब्यात एकच माशी ठेवायची तर हीच ठेवा, काळी, दहा नंबरची. पाय बांधताना लांबच सोडा आणि तळ्यावर गेल्यावर, कात्रीने, थोडे थोडे कापा.