जुन्या वस्तीतील नवी घरे : अनुकरण की अन्वय?

जुन्या वस्तीत नवी घरे उभारताना कमानी, कठडे, विटांचा रंग यांची नक्कल केली म्हणजे नवे जुन्याशी जुळले, असा समज रूढ आहे. शब्दसंग्रहासच व्याकरण मानण्यासारखा हा भ्रम होय. इंग्लंडातील नॉरिच येथील गोल्डस्मिथ स्ट्रीट ही वसाहत या दृष्टीने अभ्यसनीय ठरते. मिखाइल रिचेस ही वास्तुकार-संस्था व कॅथी हॉली यांनी तेथील नगरपालिकेसाठी रचलेल्या या वसाहतीस २०१९ साली स्टर्लिंग पारितोषिक लाभले.

समोरासमोरच्या घरांत सुमारे २१ मीटर अंतर राखण्याचा तेथील प्रघात. वास्तुकारांनी मात्र नजीकच्या व्हिक्टोरियन गल्ल्यांचा दाखला देऊन ते १४ मीटरांवर आणिले. मागील ओळीचे ऊन अडू नये म्हणून छपरांचा उतार बेताचा ठेविला, आणि प्रत्येक घराचे दार थेट रस्त्यावर उघडले. हा खरा अन्वय. उलट, उष्णता राखण्यासाठी लहान ठेवाव्या लागलेल्या खिडक्यांभोवती खोलगट चौकटी काढून त्यांना जुन्या खिडक्यांचा आकार भासविणे, ही केवळ शब्दांची उसनवारी. तिच्यावाचूनही वाक्य पूर्ण झाले असते. अंतर, उंची व उंबरठा यांचा परस्परसंबंध टिकला, तर अलंकार गळूनही वस्तीचा अर्थ अबाधित राहतो.