फिरवून पाहण्याने काय कळते?

वैनगंगेपलीकडे आरमोरी भागात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे पोसून टसरचा कोसा काढतात. ब्रह्मपुरीकडचे जाणते गिऱ्हाईक कोशाचे कापड नुसते पाहत नाही; उजेडात तिरके धरते, चुरगळते. आता अशी कापडे संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहण्याची सोय असते. शाळेसाठीच्या खनिजांच्या चित्रांतही ती येऊ लागली आहे. फिरवता आले की वस्तू कळली, हा त्यामागचा समज अर्धाच खरा आहे.

स्थिर चित्रातला पांढरा ठिपका म्हणजे चमक की डाग, हे ठरवणे अवघड असते. वस्तू फिरली की निकाल लागतो. डाग वस्तूबरोबर जातो. चमक पृष्ठभागावरून सरकते, कारण ती प्रकाश, पृष्ठभाग आणि डोळा यांच्यातील कोनांवर अवलंबून असते. कात्या डोर्शनर व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले की, आपली दृष्टी या सरकण्यावरून चकचकीत आणि निस्तेज पृष्ठभाग वेगळे करते.

गोची इथेच आहे. अशी चित्रे पुष्कळदा छायाचित्रे जोडून केलेली असतात आणि त्या वेळची चकाकी रंगातच मिसळून जाते. फिरवल्यावर ती डागासारखी कापडाबरोबर फिरते, आणि रेशीम छापील सुती वाटू लागते. यापेक्षा स्थिर चित्र बरे!

दुसरा प्रश्न श्रेयाचा. उपयोग होतो तो आपल्या हाताचा की नुसत्या हालचालीचा? जेम्स गिब्सन यांनी 1962 मध्ये बिस्किटांच्या साच्यांवर स्पर्शाचा प्रयोग केला. न पाहता साचा बोटांनी चाचपू दिला तेव्हा 95 टक्के उत्तरे बरोबर आली. साचा तळहातावर नुसता दाबला तेव्हा पुष्कळ चुकली. पण तळहात स्थिर ठेवून साचाच फिरवला, तेव्हा 72 टक्के बरोबर! म्हणजे बराच वाटा हालचालीचा होता. पडद्याबाबतही एकाने फिरवतानाचे दृश्य नोंदवून दुसऱ्याला जसेच्या तसे दाखवले पाहिजे. दोघांना दिसले तेच. उरलेला फरक हाताचा. ही तुलना न करता ‘मुले स्वतः फिरवतात म्हणून शिकतात’ असे सांगणे मला पटत नाही.

वर्गात हे संगणकाशिवाय करता येईल. कोशाचा आणि सुती कापडाचा तुकडा पुठ्ठ्यांवर चिकटवून खिडकीशी धरा. मुलांनी एक डोळा मिटून आधी स्थिर तुकडे पाहावेत, मग दुसऱ्याने हलवलेले, शेवटी स्वतः हलवून. पुठ्ठा कडेलाच धरायला सांगा, नाहीतर बोटांनाच पोत कळेल.